बंद इंजिनाचा उतार

सप्टेंबरात चंद्रपूरच्या ऑफिसातून प्रवीण साहेबांचा फोन आला, तेव्हा रंजीता आत्राम डेपोच्या पत्र्याखाली वाकून एका गाडीच्या टायरमधली हवा तपासत होती.

"आपल्या गाड्या डिझेल फार पिऊन राह्यल्या, रंजीता," साहेब म्हणाले. "गाडी तीच, रस्ता तोच, पण हरेक ड्रायव्हरचा ॲव्हरेज वेगळा. तीन महिन्यांत सुधारून दाखव. नाही तर आलापल्लीचा डेपो कंपनी बंद करेल. मी आत्ताच सांगून ठेवतो."

फोन ठेवल्यावर तिला टायरचा आकडा पुन्हा बघावा लागला. मघाशी पाहिलेला डोक्यातून पुसून गेला होता.

रंजीता अठ्ठावीस वर्षांची, मुलचेऱ्याजवळच्या एका गावातली. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करणारी तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. कंपनीचं काम माणसांच्या ने-आणीचं. आलापल्ली, एटापल्लीहून सूरजागडच्या खाणींच्या बाजूला निरनिराळ्या कामांवर जाणारे वेल्डर, कारकून, कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाया, सगळे या गाड्यांतून जायचे. बारा-बारा सीटच्या नऊ गाड्या, नऊ ड्रायव्हर आणि त्यांच्यावर सुपरवायझर म्हणून रंजीता. नऊच्या नऊ ड्रायव्हर तिच्यापेक्षा वयानं मोठे. तिची धाकटी बहीण प्रिया कँटीनमध्येच कामाला होती आणि रोज सकाळी याच गाड्यांतून जायची. दोघी आलापल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत.

रंजीतानं काम मनावर घेतलं. रविवारी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून तिनं चहा पाजला आणि शिकलेलं सगळं सांगितलं. एकदम ॲक्सिलेटर दाबू नका. लांबून बघून गाडी आवरा, म्हणजे ब्रेक कमी लागेल. पन्नासच्या आसपास चालवा. सवाऱ्यांची वाट बघत उभे असाल तेव्हा इंजिन चालू ठेवू नका. टायरमधली हवा आठवड्याला बघा. मग तिनं भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावला. दर सोमवारी त्यावर ज्याचा ॲव्हरेज सगळ्यांत जास्त त्याचं नाव सगळ्यांत वर, आणि उरलेले खाली ओळीनं. महिन्याचा जो पहिला, त्याचा फोटो चंद्रपूरच्या ऑफिसात लागणार.

"शाळा काढली का जी मॅडम?" झिंगू म्हणाला, आणि सगळे हसले. पण हसता हसता नऊही जण बोर्डाकडे बघत होते.

पहिल्या सोमवारी वर नाव आलं लच्छूचं. लच्छू पस्तिशीचा, बोलका, गाडी फुलासारखी चालवणारा. त्याच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही असं बाया म्हणायच्या. सगळ्यांत खाली होता जहीर. जहीर चामोर्शीचा, बावन्न वर्षांचा, या रस्त्यावर वीस वर्षं काढलेला. खाली नाव बघून त्याला काहीच वाटलं नाही.

"जहीरभाऊ, तुम्ही सगळ्यांत जुने. तुमचंच नाव खाली कसं?" रंजीतानं विचारलं.

"मी लाल उतारावर दुसऱ्या गिअरात उतरतो, बाई. तिथं माझी गाडी हळूच जाईन. तुम्ही लिवा खाली माझं नाव. मले काही राग नाई."

लाल उतार एटापल्लीच्या पुढं, जंगलात. खनिजाच्या ट्रकांची धूळ बसून बसून रस्ता, झाडं, मैलाचा दगड, सगळं लाल झालं होतं. साडेतीन किलोमीटरचा सलग उतार आणि त्यात चार वळणं.

ऑक्टोबरात ॲव्हरेज सगळ्यांचेच वाढले. प्रवीण साहेबांचा आवाज फोनवर बदलला. एका सोमवारी झिंगूनं लच्छूला मागं टाकलं. रंजीता बोर्डावर नावं लिहीत होती आणि लच्छू मागं उभा होता. ती मान वळवून हसत म्हणाली, "पाहा लच्छूभाऊ, झिंगूभाऊ पुढं गेले. आता तुमचं कसं होईल?"

लच्छूही हसला. "पाहू ना मॅडम."

पुढच्या सोमवारी लच्छूचा आकडा असा वर गेला की रंजीतानं दोनदा हिशेब करून पाहिला. इतर गाड्या लिटरला अकरा, साडेअकरा देत होत्या. लच्छूची गाडी चौदा देऊन राहिली होती. तिनं टाकी तपासली, मीटर तपासला. सगळं ठीक. मग तिला आनंदच झाला. नोव्हेंबर संपता संपता झिंगू आणि आणखी दोघं तेराच्या वर गेले. साहेबांनी कळवलं, डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी चंद्रपूरला कार्यक्रम आहे, वरचे लोक येणार आहेत, सगळ्या डेपोंसमोर रंजीतानं बोलायचं, हे तिनं कसं करून दाखवलं ते.

त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी दोघी बहिणी जेवायला बसल्या होत्या. प्रिया कामावरच्या गोष्टी सांगत होती. कँटीनमधल्या रुखमाबाईच्या नातवाचं बारसं, तांदूळ कसा कच्चा राहिला, तिथला साहेब कसा ओरडला.

"लच्छूभाऊच्या गाडीत बरं वाटते, ताई," ती म्हणाली. "सकाळी उतारावर गाडी इतकी शांत जाते ना, पाखरं ऐकू येतात. रुखमाबाई तर झोपूनच जाते."

रंजीताचा घास हातातच राहिला. "पाखरं ऐकू येतात म्हणजे?"

"म्हणजे आवाजच नाई येत गाडीचा. फक्त टायरचा, सूं करून."

"कोणत्या उतारावर?"

"लाल उतारावर. अन् अलीकडच्या दोन उतारांवर पण. काऊन?"

"काही नाई. जेव."

पण ती स्वतः पुढं जेवू शकली नाही. डिझेल गाडीचं इंजिन चालू असताना पाखरं ऐकू येत नाहीत. लच्छू उतारावर इंजिन बंद करत होता. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, चावी फिरवून, आपल्या वजनावर तिला खाली सोडून देत होता. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर थांबतो. साठलेल्या जोरावर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पॅडल दगडासारखं होतं. स्टेअरिंग जड होतं. हे तिला आयटीआयच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आणि मागं बारा माणसं. त्यातली एक समोर बसून चटणी चाटत होती.

गुरुवारी सकाळी सहाला गाड्या निघायच्या आधीच ती डेपोत हजर होती. लच्छूला एका बाजूला घेऊन तिनं सरळ विचारलं.

"नाई जी मॅडम, कोणी सांगितलं? गाडी नवी आहे, आवाज कमी करते." त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण हातातली चावी तो बोटावर फिरवत राहिला.

"लच्छूभाऊ, इंजिन बंद करत असाल तर आजपासून नाही करायचं. बारा लोक असतात मागं."

"मले का कळत नाई? पंधरा वर्षं झाली गाडी चालवून राह्यलो."

गाडी गेली. प्रिया खिडकीतून हात हलवत होती.

रंजीतानं ऑफिसात बसून गाडीतल्या यंत्राची नोंद काढली. प्रत्येक गाडीत ते यंत्र होतं. वेग किती, गाडी कुठं, इंजिन चालू की बंद, सगळं उमटायचं. आजवर ती फक्त किलोमीटर बघायची. आता तिनं लच्छूचा एकेक दिवस उघडला. इंजिन बंद, वेग बावन्न. इंजिन बंद, वेग अठ्ठावन्न. रोज सकाळी, त्याच ठिकाणी. ती मागं मागं गेली. हे सुरू झालं त्या दिवसाची तारीख पाहिली. झिंगू पुढं गेला होता त्याच्या दुसऱ्या दिवशी. 'आता तुमचं कसं होईल?' असं ती म्हणाली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग तिनं झिंगूची गाडी पाहिली. आणि उरलेल्या दोघांची. तिघंही तेच करत होते.

तिनं यंत्रवाल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, वायर ढिली असली की धक्क्यानं असं दाखवू शकते. त्या एका वाक्याला ती दिवसभर धरून बसली. चार गाड्यांच्या वायरी एकाच जागी ढिल्या होतील का, हे ती स्वतःला विचारत नव्हती.

दुपारी तिनं प्रवीण साहेबांना सांगितलं.

"खात्री आहे तुझी?"

"नोंद तर तशीच आहे, सर. लच्छूभाऊ नाही म्हणतात."

"मग खात्री नाही. हे बघ, सोमवारी कार्यक्रम आहे. आकडे वर गेलेत. आता मागं कसं घ्यायचं? सोमवार होऊ दे. मंगळवारी सगळ्यांना बोलावून समज देऊ. चार दिवसांत काय होते?"

"हो सर," रंजीता म्हणाली. म्हणताना तिला आपलाच आवाज आवडला नाही.

त्या संध्याकाळी ती प्रियाला म्हणाली, "उद्यापासून तू जहीरभाऊच्या गाडीत जा."

"काऊन? जहीरभाऊची गाडी वीस मिनिटं उशिरा पोचते. मले भाजी चिरायची राहते."

"सांगते म्हणून जा."

प्रियानं तिच्याकडे नीट पाहिलं. प्रिया भोळी दिसायची, पण तिला पटकन कळायचं. "लच्छूभाऊच्या गाडीत काही गडबड आहे का, ताई?"

रंजीतानं सांगून टाकलं. प्रिया ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अन् बाकीच्या बाया? त्याइले कोणत्या गाडीत पाठवून राह्यली तू?"

रात्रभर रंजीताला झोप लागली नाही. शुक्रवारी प्रिया जहीरच्या गाडीत गेलीच नाही. तिनं मुद्दाम लच्छूचीच गाडी धरली. त्या सकाळी रंजीता ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून लच्छूच्या गाडीचा ठिपका सरकताना बघत राहिली. लाल उताराच्या माथ्यावर इंजिन बंद झाल्याची खूण आली. तिचा हात फोनकडे गेला आणि थांबला. आता फोन लावला तर तो फोन घ्यायला एक हात स्टेअरिंगवरून काढेल. ती नुसती बघत बसली. चार मिनिटांनी खाली इंजिन चालू झाल्याची खूण आली. कुलरच्या पाण्यानं तोंड धुवून ती परत येऊन बसली. वायर ढिली असेल तर? उगाच एका चांगल्या ड्रायव्हरची नोकरी जाईल. आणि वायर ढिली नसेल तर?

तिनं ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं.

शनिवारी पहाटे थंडी होती आणि धुकं जमिनीला धरून होतं. धुळीमुळं या रस्त्यावरच्या सगळ्याच बाया तोंडाला ओढणी गुंडाळून बसतात. रंजीतानंही तसंच केलं, डोळे तेवढे उघडे ठेवले, अंगावर जुनी शाल घेतली आणि प्रियाच्या मागोमाग चढून मधल्या सीटवर बसली. एक बाई आज आली नव्हती, तिची जागा होती. लच्छूनं आरशात बघून माणसं मोजली आणि गाडी काढली. त्याला ती ओळखू आली नाही.

एटापल्लीपर्यंत तो इतकी सुरेख गाडी चालवत होता की रंजीताला वाटलं आपलंच चुकलं. गिअर कधी बदलतो ते कळत नव्हतं. खड्डा लांबूनच हेरून तो गाडी अलगद काढायचा. तिनं रविवारी चहा पाजून जे शिकवलं होतं, ते हा माणूस तिच्यापेक्षा चांगलं जाणत होता. अलीकडचे दोन उतार आले, गेले. इंजिन चालूच होतं. धुकं होतं म्हणून असेल. रंजीतानं सुटकेचा श्वास घेतला. शेजारी रुखमाबाई, कँटीनची मोठी स्वयंपाकीण, डबा मांडीवर घेऊन पेंगू लागली होती.

लाल उताराच्या माथ्यावर धुकं संपलं आणि ऊन आलं. लच्छूनं मान जराशी पुढं केली, रस्ता रिकामा आहे असं पाहिलं, आणि चावीकडे हात नेला.

गाडीचा आवाज थांबला.

खरंच पाखरं ऐकू येत होती. टायरचा सूं आवाज वाढत चालला. पुढच्या आरशावर लटकवलेली फुलं हलायला लागली. प्रियानं रंजीताचा हात घट्ट धरला. रंजीताला ओरडायचं होतं. ओरडलं आणि तो दचकला तर? गप्प बसलं तर? पहिलं वळण गेलं. दुसरं वळण येत होतं.

तिनं ओढणी खाली केली. जमेल तेवढ्या शांत आवाजात ती म्हणाली, "लच्छूभाऊ, गाडी सुरू करा."

त्यानं आरशात पाहिलं. तिला ओळखलं. त्याचे डोळे क्षणभर आरशातच राहिले, हात चावीकडे गेला, आणि तेवढ्यात गाडी दुसऱ्या वळणावर आली. पुढं रस्त्याच्या मधोमध गुरं होती. सात-आठ गाई, आणि त्यांच्या मागं काठी घेतलेला एक म्हातारा.

लच्छूनं ब्रेक मारला. गाडी आवरली. पुन्हा मारला. जराशी आवरली. तिसऱ्यांदा त्यानं पाय दाबला तेव्हा काहीच झालं नाही. रंजीताला त्याची पाठ ताठ झालेली दिसली. तो दोन्ही पायांनी पॅडलवर उभा राहिल्यासारखा दाबत होता. चावी फिरवायला हात सुटत नव्हता, कारण जड झालेलं स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं.

"धरा! सगळे धरा!" तो ओरडला.

रस्त्याच्या डाव्या बाजूला दुरुस्तीसाठी आणून टाकलेला मुरमाचा ढीग होता. त्यानं अंगातलं सगळं बळ लावून गाडी त्या ढिगावर घातली. गाडी ढिगात शिरली, उचलली गेली, एका बाजूला कलली आणि नालीच्या काठावर अडकून थांबली. काचा फुटल्या. मग फक्त धूळ, आणि धुळीत कोणाचं तरी कण्हणं.

म्हाताऱ्याच्या गाई पांगल्या होत्या. एकीलाही लागलं नव्हतं.

पाच-सात मिनिटांनी मागून जहीरची गाडी आली, दुसऱ्या गिअरात, घरघरत. जहीर उतरला आणि काहीएक न विचारता त्यानं मागचं दार उचकटलं. एकेकाला हात देऊन बाहेर काढलं. रुखमाबाईचा उजवा हात कोपरापासून वाकडा झाला होता. एका वेल्डरचा दात पडला होता. प्रियाच्या कपाळावर काच लागून रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि ती ओढणीनं ते दाबत रंजीतालाच विचारत होती, "ताई, तुले लागलं का?" रंजीताला खरचटलंही नव्हतं.

लच्छू ड्रायव्हरच्या सीटवर तसाच बसून होता. त्याचे दोन्ही पाय अजून ब्रेकवर होते. जहीरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोड आता," तो म्हणाला. "उभी राह्यली गाडी."

आपल्या सवाऱ्या तिथंच उतरवून जहीर लच्छूच्या गाडीतल्या सगळ्यांना एटापल्लीच्या दवाखान्यात घेऊन आला. रुखमाबाईला गडचिरोलीला न्यायचं ठरलं, हाताचं ऑपरेशन लागणार होतं. प्रियाला सहा टाके पडले. रंजीता व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी असताना प्रवीण साहेबांचा फोन आला. त्यांना आधीच कळलं होतं.

"कोणी गेलं नाही ना? बरं झालं. आता ऐक. रिपोर्ट तू लिहिणार. रस्त्यात गुरं आली, ब्रेक लागला नाही, गाडी ढिगावर चढली. खोटं काही नाही यात. हो ना?"

"खोटं नाही, सर. पण ब्रेक का लागला नाही?"

"ते मेकॅनिक बघेल. सोमवारी तू बोलणार आहेस, विसरू नको. तुझ्याच भल्याचं सांगून राह्यलो."

तिनं फोन ठेवला. जहीर बाजूलाच बाकावर बसला होता. त्याच्या बाह्यांना रुखमाबाईच्या डब्यातलं वरण लागलं होतं.

"जहीरभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मी बोर्डावर सगळ्यांत खाली, बाई. वरच्याची चुगली खालच्या माणसानं केली, तर लोक काय म्हणतीन? जळून राह्यला म्हणतीन. मी लच्छूले सांगितलं होतं, दोनदा. तो म्हणाला, तुमचा जमाना गेला, चाचा." त्यानं हात चोळले. "तुमाले सांगायले पाह्यजे होतं. माझी पण चुकीच आहे."

रंजीता त्याच्या शेजारी बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

त्याच दुपारी, डेपोत न जाता, दवाखान्याच्या बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद घेऊन तिनं रिपोर्ट लिहिला. इंजिन बंद होतं हे लिहिलं. चार ड्रायव्हर तसं करत होते, नोंद यंत्रात आहे, हे लिहिलं. गुरुवारपासून आपल्याला माहीत होतं आणि आपण गाडी थांबवली नाही, हे लिहिलं. बोर्ड आपण लावला, ड्रायव्हरांना आपण चिडवलं, आणि त्या वळणाआधी आपण मागून आवाज दिला, त्यामुळं ड्रायव्हरचं लक्ष गेलं असू शकतं, हेही लिहिलं. शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात थांबला, कारण ते कोणीच तिला विचारलं नसतं. मग तिनं सही केली, फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. साहेबांच्या वरच्यांनाही पाठवला.

सोमवारी ती चंद्रपूरला गेली नाही. तिला कोणी बोलावलंही नाही.

पुढचे तीन आठवडे तिनं जीव मुठीत धरून काढले. लच्छूला कामावरून काढलं. झिंगू आणि उरलेल्या दोघांना महिनाभर घरी बसवलं. चंद्रपूरहून दोन माणसं चौकशीला आली, तिला एकाच खोलीत चार तास बसवून तेच तेच विचारत राहिली. ड्रायव्हर तिच्याशी बोलेनासे झाले. ती डेपोत आली की गप्पा थांबायच्या. शेवटी जानेवारीत पत्र आलं. तिची नोकरी राहिली, बढती थांबली. बोर्डाची पद्धत सगळ्याच डेपोंत बंद. डिझेल वाचवण्याचं काम मात्र चालूच ठेवायचं होतं; इंजिन बंद दिसलं तर यंत्रानं त्याच क्षणी डेपोत घंटी द्यावी अशी व्यवस्था होणार होती. प्रवीण साहेबांची बदली झाली. कुठं, ते तिनं विचारलं नाही.

चौकशीवाल्यांनी जोडलेल्या कागदांत एक पान असं होतं की ते वाचून ती बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. लच्छूची गाडी लिटरला चौदा देत होती. त्यातला इंजिन बंद ठेवण्याचा वाटा काढून टाकला, तरी उरत होते तेरा. इतरांचाही तसाच वाटा काढला, तर त्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्याला त्या उतारांची गरजच नव्हती.

ते पान घेऊन ती आलापल्लीच्या बाहेर लच्छूच्या घरी गेली. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर धान ओढायचं काम करत होता. अंगणात त्यानं तिला खाट टाकून दिली आणि स्वतः उभा राहिला. तिनं पान त्याला दिलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी तसाच पुढं होतो?"

"हो."

तो खाली बसला. "रुखमाबाई कशी आहे?" त्यानं विचारलं.

"हात पूर्ण सरळ होत नाही. पण कामावर आली. बसून भाजी चिरते."

"मी गेल्तो पाहाले. तिनं चहा पाजला मले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

रंजीता म्हणाली, "लच्छूभाऊ, रविवारी डेपोत या. मी सांगून ड्रायव्हरांना पटत नाही. पुस्तकातलं आहे म्हणतात. तुम्ही दाखवा."

"मले काढलं आहे, मॅडम. मी कोणत्या तोंडानं येऊ?"

"मी कोणत्या तोंडानं रोज जाते?"

तो येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही.

रविवारी दहाला सगळे जमले. शिक्षा संपवून आलेले झिंगू आणि ते दोघंही होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. रंजीता दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघायची. साडेदहाला लच्छू सायकलवरून आला आणि सायकल भिंतीला लावून सगळ्यांच्या मागं उभा राहिला. जहीरनं जाऊन त्याला हाताला धरून पुढं आणलं.

डेपोच्या मागं जमीन जराशी उतरती होती आणि शेवटी वाळूची पोती रचलेली होती. रिकामी गाडी तिथं उभी केली. लच्छू आत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला. "एकेक जण या," तो म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "इंजिन सुरू करा, मग बंद करा. गाडी तशीच उभी राहू द्या. आता ब्रेक दाबा. मोजा."

झिंगू पहिला बसला. एक. दोन. तिसऱ्या वेळी त्याचा पाय अडकला. त्यानं पुन्हा जोर लावला, मान खाली घालून पॅडलकडे पाहिलं. मग तो हळूच उतरला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. त्याच्या मागून दुसरा बसला, मग तिसरा. कोणी हसलं नाही. ज्यांनी कधीच इंजिन बंद केलं नव्हतं तेही बसले. जहीरही बसला, त्यानंही मोजलं.

सगळ्यांचं झाल्यावर लच्छू उतरला. "उतारावर त्या दिवशी मागं बारा जण होते," तो म्हणाला. "मले तिसऱ्या दाबालेच कळलं. पण चौथा मी दाबतच होतो. अजूनही झोपेत दाबतो." एवढं बोलून तो सायकलकडे निघाला.

"थांब की," झिंगू मागून म्हणाला. "चहा घेऊन जा."

लच्छू थांबला. मग जहीरनं तीच गाडी सुरू केली, तिघांना आत घेतलं आणि दुसऱ्या गिअरात उतार कसा धरायचा, पाय ॲक्सिलेटरवरून काढून इंजिनालाच गाडी कशी आवरू द्यायची, हे दाखवायला एटापल्लीच्या रस्त्याला लागला. "गिअरात उतरली तर पाय काढल्यावर ही नवी गाडी डिझेल जवळपास पीतच नाई," तो मोठ्यानं सांगत होता. "हे मले पण आत्ताच कळलं, बाईनं सांगितलं."

सोमवारी सकाळी सहाला गाड्या निघाल्या. कपाळावरची खूण ओढणीखाली झाकून प्रिया झिंगूच्या गाडीत बसली. रंजीता ऑफिसात पडद्यासमोर बसली आणि त्या गाडीचा ठिपका लाल उताराच्या माथ्यावर आला तशी तिची बोटं टेबलाची कड धरू लागली. इंजिन चालू. वेग अठ्ठावीस. पहिलं वळण, दुसरं वळण. उतार संपायला सात मिनिटं लागली. तिनं तोवर एकदाही डोळे हलवले नाहीत, आणि ठिपका सपाट रस्त्याला लागल्यावर ती दुसऱ्या गाडीचा ठिपका शोधू लागली. अजून सात गाड्या उतरायच्या होत्या.